ट्रक सकाळी उशिरा सुरू होतो? आधी हवा शोध

बाब, डिझेल पंप उतरवायची घाई नको, नवशिके तिथेच पैसे घालवतात. आधी सायलेन्सर बघ. सेल्फ नीट फिरतोय पण धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. पांढरा धूर असेल तर डिझेल पोचतंय, जळत नाही. ते नंतर बघू.

रात्रभर उभा राहिल्यावरच त्रास होतो ना? मग बहुधा लाइनीत हवा शिरते. हँड प्रायमर (हाताने दाबून लाइनीत डिझेल भरायचा छोटा पंप) मारून लगेच सुरू झाला, तर टाकीपासून पंपापर्यंतचे जोड, वॉशर, रबरी पाइप तपास. इथे हवा आत ओढली जाते, त्यामुळे बाहेर गळती दिसेलच असं नाही.

- डिचोली-साखळीच्या पावसात वॉटर सेपरेटरमधलं (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधलं) पाणी काढत राहा.
- सेल्फ 15 सेकंदांपेक्षा जास्त सलग मारू नकोस.
- कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना प्रचंड दाबाने डिझेल देणारी यंत्रणा) असेल तर तिचे हाय प्रेशर पाइप मात्र अजिबात सैल करू नकोस, जिवावर बेतेल.

प्रायमर मारल्यावर काय झालं ते कळव.