करी आणि कढी

प्रश्न असा आला आहे: ‘इंग्रजीतली करी म्हणजे आपली कढीच ना? पण तो मुळात इंग्रजांचाच जुना शब्द आहे, असंही काहीजण सांगतात. खरं काय?’

इंग्रजांचा दावा आधी घेऊ, कारण तो फार टिकत नाही. १३९० च्या सुमाराला राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी पाककृतींचा एक संग्रह केला. तो ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ या नावाने ओळखला जातो. हे ‘क्युरी’ जुन्या फ्रेंचमधून आलं आणि त्याचा अर्थ नुसता ‘स्वयंपाक’. मसाला, रस्सा, भात यांच्याशी त्याचा संबंध नाही. (घोड्याला खरारा करणं या अर्थाचं इंग्रजी ‘करी’ तर आणखी तिसरंच.) आपल्याला हवा असलेला शब्द इंग्रजीत दिसतो तो १५९८ मध्ये, ‘कारिएल’सारख्या रूपात, तोही एका डच प्रवाशाच्या पुस्तकाच्या भाषांतरात. परक्या देशातला पदार्थ म्हणून तिथे त्याचं वर्णन करावं लागलं आहे. घरचा शब्द असता तर ती गरज पडली नसती.

तो प्रवासी लिन्स्कोटेन. १५८३ मध्ये तो गोव्यात आला आणि तिथल्या आर्चबिशपच्या पदरी काही वर्षं राहिला. तो लिहितो, इथले लोक मासे भाताबरोबर खातात, भातावर थोडा आंबट रस ओततात, आणि हेच त्यांचं रोजचं जेवण. गोव्यात जेवलेल्या माणसाला हे वाचून लगेच कळेल: ही तर शीत-कडी, म्हणजे कोकणीतला भात आणि कढी! म्हणजे कढीवाल्यांचा मुद्दा पोकळ नाही. उच्चारही त्यांच्या बाजूने उभा राहतो. युरोपीय कानांना आपला ड अनेकदा र ऐकू येई; ‘गाडी’चं त्यांनी ‘घॅरी’ केलं, सिंहगडाचं ‘सिंघर’.

तरीही माझं मत दक्षिणेच्या बाजूने आहे. पोर्तुगीज गोव्यात येण्याआधी, १४९८ पासून, मलबारात वावरत होते. तिथे मल्याळममध्ये ‘करि’ होतंच, तमिळमध्येही होतं: भाताबरोबरचं कालवण, भाजीचं किंवा मांसाचं. जुन्या तमिळमध्ये तर ‘करि’ म्हणजे मिरी. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात कोंबडीच्या आणि मांसाच्या पदार्थांना ‘कारिल’ म्हटलं आहे. आपली ‘कढी’ कढण्यावरून आली, संस्कृत ‘क्वथ्’पासून. ती ताकाची, सोलांची. कोंबडीच्या रश्श्याला कढी कोणी म्हणत नाही. ‘कारिल’मधला शेवटचा ल मला फार आवडतो. पोर्तुगीजमध्ये पिंपाला ‘बर्रिल’, अनेकवचन ‘बर्रिस’. ‘करि’चं अनेकवचन ‘कारिस’ झालं, की त्यावरून एकवचन ‘कारिल’ घडणं अगदी सहज आहे. तेव्हा मला वाटतं ते असं: शब्द दक्षिणेचा, आणि गोव्यात तो जाऊन बसला आपल्या कडीवर.

पुढे इंग्रजांनी त्याचा अर्थ सैल केला. हॅना ग्लास हिच्या १७४७ च्या पाकपुस्तकातली ‘करी’ कोंबडीची किंवा सशाची आहे, त्यात मिरी आणि धणे. मग हिंदुस्थानातला रस असलेला कुठलाही पदार्थ करी झाला. आमटी, हुमण, तांबडा रस्सा, सगळ्यांची नावं एका शब्दाने पुसली. याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग कढीपत्ता? त्याला मराठीत ‘कढीलिंब’ही म्हणतात, आणि इथला लिंब म्हणजे कडुलिंबातला लिंब. कन्नडमध्ये तोच ‘करिबेवु’, आणि ‘बेवु’ म्हणजे कडुलिंबच. दोन्ही शब्दांची बांधणी एकच आहे. माझा तर्क असा, की दक्षिणेतलं ‘करि’ ऐकून आपण त्याची ‘कढी’ केली. कढीच्या फोडणीत तो पडतोच, त्यामुळे कोणाला शंकाही आली नसेल.