कुंड्यांत भुईमुगासारखी रोपं आपोआप उगवली आहेत. हे नक्की काय आहे आणि खाता येईल का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: बदलापूरला घरामागच्या पाच-सहा कुंड्यांत आणि भिंतीलगतच्या वाफ्यात पाऊस लागल्यावर पंधरा दिवसांत ही रोपं आली, कोणी पेरलेली नाहीत. सासूबाई म्हणतात भुईमूग, भाजीवाल्या मावशी म्हणाल्या टाकळा आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपने तीन वेळा तीन नावं दाखवली.

मावशींचं बरोबर आहे. टाकळाच तो. विदर्भात याला तरोटा म्हणतात, गोव्यात तायकिळो. पण हे मी तुमच्या पहिल्या फोटोबद्दल म्हणतोय. दुसऱ्या फोटोत एक भानगड आहे, तिच्याकडे येतोच.

सासूबाईंना हसू नका, कारण कोवळा टाकळा खरंच भुईमुगासारखा दिसतो आणि दोघांचीही पानं संध्याकाळी मिटतात. फरक मोजून कळतो. एका देठावर समोरासमोर किती छोटी पानं आहेत ते बघा. भुईमुगाला चार असतात, टाकळ्याला सहा. तुमच्या फोटोत तीन जोड्या स्वच्छ दिसतायत, टोकाची जोडी सगळ्यांत मोठी, आणि प्रत्येक पान देठाकडे निमुळतं होऊन टोकाकडे गोल, रुंद झालेलं. तरी शंका उरली तर एक रोप मुळासकट उपटा. भुईमुगाच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी असतात, टाकळ्याची मुळं गुळगुळीत निघतात. उपटताना हाताला जो उग्र, काहीसा ओशट वास लागेल, तोही भुईमुगाला नसतो.

आता दुसरा फोटो. निळ्या बादलीच्या मागे, भिंतीला टेकून एक रोप बाकीच्यांपेक्षा दीड पट उंच झालंय. त्याची पानं गोल नाहीत, भाल्यासारखी टोकदार आहेत, आणि मला एका देठावर किमान चार जोड्या दिसतायत. माझ्या मते तो टाकळा नव्हे, कासविंदा आहे. काहीजण त्याला रानटाकळा म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. दोघं एकाच कुळातले, वास सारखा, फुलं पिवळी, उगवतात एकमेकांच्या शेजारी. जुन्या वैद्यकात मात्र दोघांना वेगळी नावं आहेत: टाकळा म्हणजे चक्रमर्द, कासविंदा म्हणजे कासमर्द. पहिला गजकर्णावर, दुसरा खोकल्यावर.

आमच्या घरी, रत्नागिरीकडे, पहिल्या पावसानंतर आजी मला टोपली देऊन गोठ्यामागे पिटाळायची. मी परत आलो की ती टोपली पडवीत उलटी करायची आणि एकेक शेंडा उचलून बघायची. टोकदार पान दिसलं की न बोलता अंगणात भिरकावायची. मला तेव्हा वाटायचं, मी खुडलेलं तिला पसंतच पडत नाही. ती काय बघत होती हे कळायला मला तिशी ओलांडावी लागली. एका मित्राने कुंडीतल्या चार बोटं उंचीच्या रोपाचा फोटो पाठवला. मी तीन जोड्या मोजल्या आणि ऐटीत कळवलं, ‘टाकळा आहे, बिनधास्त खा.’ गणपतीच्या सुमारास त्याच रोपाचा दुसरा फोटो आला, चपट्या, वर वळलेल्या शेंगांचा. कासविंदा! त्याच्या बायकोला वास आवडला नव्हता म्हणून भाजी झाली नाही, एवढंच.

माझं चुकलं ते इथे: अगदी कोवळ्या कासविंद्याच्या खालच्या पानांवरही जोड्या कमीच असतात. म्हणून मोजायचं ते वरचं, पूर्ण उमललेलं पान. आणि जोड्यांपेक्षा भरवशाची खूण देठावर असते. पान उलटं न करता, वरून, डोळ्यांजवळ धरा. टाकळ्याच्या देठावर सगळ्यांत खालच्या जोडीच्या मधोमध टाचणीच्या टोकासारखा बारीक, नारिंगी काटा उभा दिसेल. तो टोचत नाही, मऊ असतो. कासविंद्याला जोड्यांच्या मध्ये काही नसतं. त्याची गाठ पार खाली, देठ खोडाला मिळतो तिथे असते, गोल आणि काळपट. अ‍ॅप बिचारं हे बघणार कुठून, तुम्ही सगळे फोटो वरून, उभ्याने काढलेत.

एवढा कीस काढायचं कारण शेंगा आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनोरच्या बाजूला पावसाळा सरल्यावर लहान मुलं अचानक आजारी पडून, बेशुद्ध होऊन दगावायची. बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला. २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की ही मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा खात होती आणि ते विष यकृत, स्नायू, मेंदू अशा तिन्हींवर जात होतं. तुम्ही लिहिलंय की धाकटी साडेतीन वर्षांची आहे आणि दिवसभर त्याच अंगणात असते. कासविंद्याची पानं शिजवून खाणारे लोकही आहेत, पण तुमच्या घरात तो प्रयोग नको.

टाकळ्याची भाजी मात्र जरूर करा, फक्त माती कुठली ते आठवून. रोपवाटिकेतून लाल मातीची पोती आणली असतील तर बी त्यातूनच आलं असणार. टाकळ्याच्या बीचं कवच इतकं टणक की ते मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि पाऊस मिळाला की उठतं. वाफ्यात तणनाशक मारलं असेल किंवा कुत्र्यामांजरांची ती नेहमीची जागा असेल तर राहू दे. कुंड्यांतला चालेल. रोप वीतभर आहे तोवर वरचे शेंडे खुडा. फुलं आली की पानं जून आणि कडू होतात.

आमच्याकडे पानं बारीक चिरून, कांदा आणि हिरवी मिरची परतून, त्यात आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, घालतात. आठळ्या आधी उकडून, सोलून, अर्ध्या करून. वरून ओलं खोबरं, सढळ हाताने. आठळ्या नसतील तर भिजवलेली मुगाची डाळ. उग्रपणा सोसत नसेल त्यांनी चिरलेली पानं एक वाफ देऊन पिळून घ्यावी, माझी बायको तसंच करते आणि आई दर वेळी नाक मुरडते. पहिल्यांदा खाताना वाटीभरच खा. टाकळा पोट साफ करणारा आहे आणि हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

दोन-तीन रोपं वाफ्याच्या कडेला न खुडता ठेवलीत तर फिकट पिवळसर फुलपाखरं त्यांवर अंडी घालायला येतील. हिरव्या अळ्या पानांच्या रंगात अशा मिसळतात की भाजी निवडताना चष्मा लावाच.

बादलीमागच्या त्या उंच रोपाचा एक फोटो अजून टाका, देठ खोडाला मिळतो तिथला, जवळून. तुमच्याच डोळ्यांना तिथे काळपट गाठ दिसली तर माझ्या उत्तरासाठी थांबू नका, मुळासकट उपटून टाका. आणि बाकीच्या वाफ्यातही एकदा वाकून बघा, एकटा सहसा येत नाही तो.