वाचकांचे प्रश्न : कॅमेरा पारखताना कोणते फोटो काढावेत?

प्रश्न : मी एक वापरलेला डीएसएलआर कॅमेरा आणि त्याची १८-५५ लेन्स घेणार आहे. विक्रेता दोन दिवसांसाठी कॅमेरा घरी न्यायला देत आहे. मागच्या पडद्यावर सगळेच फोटो छान दिसतात, मग प्रतिमेचा दर्जा कसा तपासावा?

उत्तर : मागच्या छोट्या पडद्यावर फोटोतले दोष दडून जातात. त्यामुळे चाचणीचे फोटो संगणकावर शंभर टक्के आकारात उघडूनच पाहावेत. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद ठेवावे, आणि प्रत्येक फोटो रॉ (सेन्सरकडून आलेली कच्ची फाइल) व जेपीईजी (कॅमेऱ्याने संस्कार करून दिलेला तयार फोटो) अशा दोन्ही प्रकारांत साठवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळत नाही.

पहिला फोटो वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींच्या पानाचा काढावा. पान भिंतीवर सपाट चिकटवून, कॅमेरा त्याच्या बरोबर समोर ठेवून, ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) एफ ८ ठेवावे. मी अशा फोटोत सर्वांत आधी 'ष' शोधतो. मधल्या भागात त्याच्या पोटातली तिरकी रेघ स्वच्छ दिसते, पण लेन्स कमकुवत असेल तर कोपऱ्यात ती रेघ विरून जाते आणि 'ष' व 'प' ओळखू येईनासे होतात. चारही कोपरे थोडेसे मऊ असतील, तर या किमतीच्या लेन्सला ते चालण्यासारखे आहे. एकच कोपरा पुसट असेल, तर मात्र कॅमेरा उलटा करून, पुन्हा फोकस करून तोच फोटो काढावा. पुसटपणा पानाच्या त्याच भागात राहिला, तर पान आणि कॅमेरा समांतर नव्हते. तो पानाच्या विरुद्ध कोपऱ्यात गेला, तर लेन्समधले एखादे भिंग जागचे हलले असण्याचा दाट संभव आहे. अशी लेन्स घेऊ नये.

सेन्सरवरच्या (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावरच्या) धुळीसाठी एफ १६ला मोकळ्या आकाशाचा एक फोटो पुरेसा आहे.

आयएसओच्या (कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्याच्या) चाचणीला गडद रंगाची, बारीक विणीची साडी घ्यावी. खोलीतला दिवा तोच ठेवून १०० ते ६४०० असे सात फोटो काढावेत. दर वेळी आयएसओ दुप्पट आणि शटरचा वेळ निम्मा केला की प्रकाशमान सारखे राहते. जेपीईजीमध्ये रवाळपणा कमी दिसला म्हणून लगेच समाधान मानू नये, कारण कॅमेरा रवे पुसताना धागेही पुसतो आणि कापड मेण फासल्यासारखे दिसते. रॉ फाइलमध्ये धागे शाबूत आहेत का, ते पाहावे.

शेवटी ३२००चा फोटो ए-फोर आकारात छापून घ्यावा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) त्यासाठी साधारण ८७ लाख पिक्सेल पुरतात, त्यामुळे २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेलचा, फोटो लहान होऊन छापला जातो आणि पडद्यावर टोचणारे बरेचसे रवे कागदावर दिसतही नाहीत. आपल्याला घरच्या अल्बमपुरतेच फोटो छापायचे असतील, तर कॅमेऱ्याचा निर्णय या कागदावरून करावा.