उत्तर: भाऊ एआरटीच्या (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या) गोळ्या सोडून बसलाय

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाला एचआयव्ही आहे, नशेची सुई अजून चालू आहे, दोन महिने गोळ्या बंद आहेत आणि एआरटी केंद्रावरून "आधी नशा सोड, मग ये" म्हणून परत पाठवलं. घरात ताट-पेलाही वेगळा केलाय. वाचताना घशाशी आलं, कारण नऊ वर्षांपूर्वी त्या भावाच्या जागी मी होतो.

एचआयव्ही कसा पसरतो वगैरे तुम्हाला माहीतच असणार, त्यात शिरत नाही. ताटा-पेल्यातून तो पसरत नाही, तेव्हा ते मात्र आजच परत एकत्र करा.

"आधी सोड, मग ये" मलाही ऐकवलं होतं, खिडकीतून, मागच्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. मी मान डोलावून निघालो तो सहा महिने तिकडे फिरकलो नाही. तुम्ही तसं करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्येच सांगितलंय, निदान झालं की सीडी4 (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, एआरटी सुरू करायची. सुई चालू आहे म्हणून गोळ्या अडवणं त्यात बसत नाही. खिडकीशी वाद घालू नका, थेट वरच्या डॉक्टरांना भेटायचंय म्हणा.

पण मला सगळ्यात महागात पडली ती पुढची चूक, आणि ती माझी स्वतःची. सुई सोडण्यासाठी मी दुसऱ्या एका ठिकाणी रोज मेथाडोन (हेरॉइनसारख्या नशेच्या जागी देखरेखीखाली देतात ते औषध) प्यायला जायला लागलो होतो. त्यातच टीबी निघाला. टीबीच्या डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही औषधं चालू आहेत? त्या खिडकीचा धसका इतका होता की मी सरळ "नाही" म्हणालो. टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं. ते शरीरातलं मेथाडोन भराभर उतरवतं. आठवड्याच्या आत टर्की, म्हणजे नशा उतरल्याचा त्रास, लागली. नाक वाहतंय, पोटात मुरडा, अंगावर काटा, रात्रभर पाय झाडतोय. मेथाडोन तर रोज नर्ससमोर पीत होतो! तिथले म्हणाले, बाहेरचं काहीतरी घेतोयस. घरचे म्हणाले, नाटकं. दहाव्या दिवशी मी पुन्हा सुई घेतली. खोटं मी बोललो हे कबूल, पण त्या खिडकीला मी आजही माफ केलेलं नाही.

सोडवलं वहिनीनं. दोन्हीकडचे कागद एका पिशवीत घातले, मला घेऊन टीबीच्या डॉक्टरांसमोर बसली आणि म्हणाली, "हा हे दोन्ही घेतो." दहा मिनिटांत उलगडा झाला. त्यांनी मेथाडोनवाल्यांना फोन केला, तिथं डोस हळूहळू वाढवला. (टीबीचा कोर्स संपला की तो पुन्हा खाली आणावा लागतो, नाहीतर जास्त होऊन जिवावर बेततं. एचआयव्हीच्या जुन्या गोळ्यांपैकी एफाविरेन्झ आणि नेव्हिरापिनही मेथाडोन असंच उतरवतात, नव्या डोल्युटेग्राविर गोळीचा तो त्रास सहसा होत नाही. मी डॉक्टर नाही, डोसला घरी हात लावू नका.)

आधार आधार म्हणतात तो मला असा मिळाला. बाकी सगळे भेटले की "सोडलीस का?" विचारायचे. वहिनी विचारायची, "उद्या किती वाजता निघायचं?" हे माझ्या एकट्याचं कौतुक समजू नका. इंडोनेशिया, युक्रेन आणि व्हिएतनाममध्ये एचपीटीएन 074 नावाचा अभ्यास झाला, 2018 साली छापून आला. सुई घेणाऱ्या एचआयव्हीबाधितांना समुपदेशन आणि दवाखान्याच्या वाटेवर मदतीला माणूस दिला, तर नेहमीच्या सेवेपेक्षा जास्त जण एआरटीवर आले आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

नशा सोडणाऱ्यांच्या गटांबद्दल माझं मत जरा कडू आहे. मेथाडोनलाही नशाच म्हणणाऱ्या गटात भावाला पाठवू नका. काहींना असे गट मानवतात, मला नाही मानवले. तिथली शाबासकी मिळवायला मी एकदा डोस बंद केला होता, पुढचं सांगत नाही.

आणखी एक. तो काही दिवस दवाखान्यात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, तर नशेचं जुन्या मापाचं इंजेक्शन त्याला आता झेपणार नाही. पहिले काही आठवडे फार जोखमीचे. जिथं मिळतं तिथून नॅलॉक्सोन (हेरॉइनसारखी नशा जास्त झाली तर ती उतरवून जीव वाचवणारं औषध) आणून घरात ठेवा, कसं द्यायचं ते घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या. आईला हे सांगणं अवघड जाईल, आमच्याकडे तर महिनाभर अबोला होता.

पुढच्या खेपेला एकट्याला पाठवू नका, तुम्ही जा. खिडकीत तोंड उघडायची वेळ तुमच्यावर येऊ द्या, त्याच्यावर नको. आणि फाईलची झेरॉक्स काढून स्वतःकडे ठेवा, माझी फाईल दोनदा हरवली होती.