दुकानाची पाटी आणि 1 नोव्हेंबर

बेळगावात खडे बाजारात दुकान घालतोयस, तर आधी पाटी बघ. कर्नाटकच्या 2024 च्या कायद्याने पाटीवर 60 टक्के कन्नड, तेही वरच्या भागात लागतं. ते पुरं करून उरलेल्या जागेत मराठी ठळक लिही.

1 नोव्हेंबरला इकडे कर्नाटक राज्योत्सव, तिकडे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिन. दोन्हीकडून दुकानाबद्दल विचारणा होईल. मराठी माणूस म्हणून बंद पाळलास तर मला ते योग्यच वाटतं. पण मनापासून पाळ, भीतीने नको. कामावरच्या कन्नड पोराला त्यात ओढू नकोस, त्या दिवसाचा पगारही कापू नकोस, हे फार महत्त्वाचं. दुकानाच्या व्हॉट्सॲपवर सीमाप्रश्न नको, तिथे गोकाकचं कन्नड गिऱ्हाईकही असतं. कुणी दमदाटी केली तर एकटा भांडू नकोस, शेजारच्या दुकानदारांना हाक मार.