भावाला वकील हवाय, पण घरचे म्हणतात ही आजाराचीच बडबड

प्रश्न : मॅडम, माझा धाकटा भाऊ 31 वर्षांचा आहे. 12 दिवसांपूर्वी थोरल्या दादाने अर्जावर सही करून त्याला खासगी मनोरुग्णालयात भरती केलं. त्याआधी चार दिवस त्याने अन्नपाणी सोडलं होतं, हे खरं आहे. आता तो जेवतो, नीट बोलतो. मी भेटायला गेले की एकच म्हणतो, “ताई, मला वकील बघून दे, मला घरी जायचंय.” दादा म्हणतो, ही आजाराचीच बडबड आहे, वकील दिलास तर तू घर फोडलंस असं समजेन. भावाला वकील करता येतो का? त्याची सही चालेल का? – एक बहीण

उत्तर : ताई, आधी सहीचं सांगते, कारण बहुतेक घरं तिथेच अडतात. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणसाची सही बाद होत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, केवळ आजाराच्या निदानावरून कुणाला ‘विकल मनाचा’ ठरवता येत नाही. भाऊ स्वतः अर्ज करू शकतो, वकील नेमू शकतो. कलम 27 त्याला मोफत वकिलाचा हक्क देतं आणि हा हक्क आहे हे त्याला सांगणं रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरांचं कर्तव्य आहे. जे त्याला आपणहून सांगायला हवं होतं, तेच तो मागतोय. यात बडबड कुठली?

दादांच्या सहीने झाली ती कलम 89 खालची भरती असणार. तिची मुदत जास्तीत जास्त 30 दिवस. स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा किंवा स्वतःची काळजी घेता न आल्याने धोका, यांपैकी काहीतरी त्यासाठी दिसावं लागतं. चार दिवस अन्नपाणी बंद होतं, म्हणजे दादा चुकले असं मी म्हणणार नाही. पण जेवायला-बोलायला लागलेला माणूस आजही त्यात बसतो का? हे विचारायला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ आहे. अर्जाला फी नाही. अशा भरतीविरुद्धचा अर्ज मंडळाने 7 दिवसांत निकाली काढायचा असतो. विशेष परिस्थितीत रुग्णाने फोनवरून केलेला अर्जही घेता येतो. सुनावणी बंद दाराआड होते, त्यामुळे चारचौघांत बभ्रा होईल ही भीती नको.

वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा 15100 वर फोन करा. मात्र वकिलाने भावाला प्रत्यक्ष, एकट्याला भेटायला हवं. घरच्यांकडून हकिगत ऐकून अर्ज लिहिणं किती महागात पडतं, ते मी पाहिलंय.

विधी सेवेच्या पॅनलवर असताना पन्नाशीच्या एका गृहस्थांना भेटायला गेले होते. केसपेपरवर नोंद होती, ‘कागद दिला तर वाचत नाही, नुसता फिरवत बसतो.’ मी अर्जाचा मसुदा दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला, मग खिडकीपाशी नेला, मग मला परत दिला. “चष्मा पहिल्याच दिवशी काढून घेतलाय,” म्हणाले. काचेने इजा करून घेतील म्हणून काढलेला चष्मा वॉर्डच्या कपाटात तसाच पडून होता. तो मिळाल्यावर त्यांनी मसुदा दोनदा वाचला आणि ‘मला काहीही आजार नाही’ हे वाक्य खोडायला लावलं. “आजार आहे. पण गोळ्या मी घरी घेईन.” ते वाक्य मी माझ्या मनाने घातलं होतं. त्याची रुखरुख अजून जात नाही. मंडळासमोर आम्ही त्यांचंच म्हणणं मांडलं. गोळ्या कोण देणार, पुढची तपासणी कधी, असं विचारल्यावर त्यांची मुलगी उभी राहिली. त्यांना घरी सोडलं.

तुमच्या भावाचा वकीलही भावाचंच म्हणणं मांडेल; तुम्हाला किंवा वकिलाला त्याच्या हिताचं काय वाटतं, ते नव्हे. दादांनाही बोलू द्या. त्या चार रात्री त्यांनी काढल्यात, ते मंडळाने ऐकायलाच हवं. मंडळ भावाला कदाचित सोडणारही नाही. निर्णय पटला नाही तर 30 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. हे सगळं तुम्ही दादांना आधी सांगा, पाठीमागून कळू देऊ नका.

30 दिवसांपुढे ठेवायचं तर दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते, पण तोवर थांबू नका. पुढच्या भेटीत वही न्या. घरी आल्यावर कुठे राहणार, गोळ्या कुणाच्या हातून घेणार, पुन्हा जेवण सुटलं तर काय करायचं, हे त्याला विचारा आणि त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क त्याला कलम 25 देतं. ती मागणी त्याच्याच सहीने करा.