शाळेच्या भिंतीवरची फरशी

बसरा,
अनंत चतुर्दशी

चि. बायोस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा फोटो आबांनी पाठवला, तो काल मिळाला. यंदाही गणपतीला रजा मिळाली नाही. आज तिकडे विसर्जन आटोपून माजघर ओकेबोके दिसत असेल, म्हणून आजच उत्तर लिहायला बसलो आहे. तुझा प्रश्न असा की, शाळेच्या पडवीतल्या भिंतीत जी संगमरवरी फरशी बसवली आहे, तिच्यावर १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गावातून किती माणसे गेली आणि किती मेली एवढेच कोरले आहे, नाव एकही नाही. मग १५ ऑगस्टला गुरुजी तिला हार घालतात, तो नेमका कोणाला? आणि खाली तू लिहिले आहेस की, इंडिया गेटवर नावे आहेत, तर लढाईत मेलेल्यांची आठवण ठेवण्याची आपल्यात काही रीतच नाही का?

आधी फरशीचे सांगतो. ज्या गावांतून पुष्कळ माणसे पलटणीत गेली, त्या गावांना सरकारने युद्धानंतर अशा फरश्या दिल्या. रत्नागिरी जिल्ह्यात आणि तेव्हाच्या कुलाब्यात त्या दिसतातच, पण देशात इतरत्रही आहेत, आणि सगळ्यांवरचा मजकूर जवळपास सारखाच आहे; गावागणिक बदलतात ते दोन आकडे. आमच्या लहानपणी म्हातारी माणसे तिला ‘जर्मनच्या लढाईची फरशी’ म्हणत. आम्ही पावसाळ्यात तिच्याखाली छत्र्या टेकून ठेवत असू. अक्षरांतला काळा रंग तेव्हाच उडाला होता, त्यामुळे ती वाचण्यापेक्षा बोटाने चाचपूनच लवकर कळत.

इतकी माणसे का गेली, हे तुला आपल्या शेताकडे पाहून कळेल. वर्षाला भाताचे एक पीक, वरकस जमिनीत थोडी नाचणी-वरी, त्यातलाही वाटा खोताचा. तेव्हा एक मुलगा मुंबईला गिरणीत आणि एक पलटणीत, हा कोकणातल्या घरांचा ताळेबंद होता. दापोलीला आपण अजून ‘कॅम्प’ म्हणतो तो तिथल्या जुन्या लष्करी छावणीमुळे. निवृत्त झालेले सुभेदार-हवालदार तिथे घर करून राहत, आणि बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी, मूळचे मंडणगडाजवळच्या आंबडव्याचे, तेही निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले होते. महार शिपाई मुंबई इलाख्याच्या सैन्यात पिढ्यान् पिढ्या लढले, तरी १८९० नंतरच्या काही वर्षांत सरकारने त्यांची भरती बंद केली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, जे स्वतः सैन्यातले पेन्शनर होते, त्यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला; त्याचा उपयोग झाला नाही. पुढे महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडलीही. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरे काय! फरशीवरच्या आकड्यात मात्र सगळ्या वाड्या एकत्र मोजलेल्या आहेत. गावातल्या पाणवठ्यावर तेव्हा तसे चालत नव्हते.

आता नावांचे. मी जिथून लिहितो आहे त्या बसऱ्याला माकिल नावाचे बंदर आहे आणि आमचा टग, म्हणजे मोठी जहाजे ओढणारी बोट, कधीकधी तिथे लागतो. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक १९२९ मध्ये याच बंदराच्या धक्क्यावर उभारले गेले. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, इथून ३२ किलोमीटरवर, वाळवंटात नेऊन पुन्हा बांधले. त्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार आकडा आहे. म्हणजे आपल्या शाळेत जे दिसते तेच इथेही आहे. दगड मोठा, एवढाच फरक. युद्धात मेलेल्यांची थडगी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या आयोगाने २०२१ मध्ये एक अहवाल काढला आणि असा भेदभाव झाल्याचे मान्य करून माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

त्या पलटणींत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बगदादवर चालून गेलेले हे सैन्य मागे हटून कुत नावाच्या गावात अडकले, डिसेंबर १९१५ पासून पाचेक महिने वेढ्यात उपाशी राहिले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले. पुढे कैद्यांना वाळवंटातून चालवत उत्तरेला नेले आणि पुष्कळांना रेल्वेच्या कामाला जुंपले. आबांच्या आजोबांचे थोरले भाऊ यांच्यातच होते. घरी कागद आला तो ‘बेपत्ता’ असा. फरशीवरच्या दुसऱ्या आकड्यात त्यांना धरले की नाही, यावर आपल्या घरात अजून वाद होतो.

रीत नाही का, असे तू विचारतेस. देवळामागे वडाच्या पारावर शेंदूर फासलेला एक काळा उभा दगड आहे, ज्याला तुम्ही मुले ‘वीर’ म्हणता आणि लपाछपीत राज्य घेणारा ज्याला डोके टेकून आकडे मोजतो, तो वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्याच्या आठवणीचा दगड आहे. पुढच्या वेळी शेंदराकडे न पाहता त्याचे कप्पे पाहा. तो खालून वर वाचायचा असतो. तळाच्या कप्प्यात माणूस आडवा पडलेला दिसेल, तो मेला. त्याच्या वर हातात ढाल-तलवार घेतलेली माणसे, ती त्याची लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेताहेत. आणि सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे. चंद्र-सूर्य कोरलेले असतात ते, ते असेपर्यंत याची कीर्ती राहो, या अर्थाने. बोरिवलीजवळच्या एक्सर गावात असेच वीरगळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते आहेत, कारण ती लढाई समुद्रावरची होती. किनाऱ्यावरच्या माणसांनी आपले मेलेले असे नावेसकट कोरून ठेवले. नाव बहुतेक वीरगळांवरही नसते, हे खरे आहे. पण शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवायच्या चौथऱ्यावर, जाताना गुरव त्याच्यापुढे नारळ ठेवल्यावाचून पुढे जात नाही, आणि कोणाच्या नावाने ठेवतोस, असे त्याला कोणी विचारत नाही.

नाव आणि दगड दोन्ही मिळालेला माणूस पाहायचा असेल तर माणगावला उतर. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ते माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनखाली पडले, तेव्हा ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, बॉम्ब टाकला, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले, आणि ठाणे घेतल्यावर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी मेले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे शौर्याचे सर्वोच्च पदक, मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने स्मारक म्हणून एक सूर्यघड्याळ बसवले, ही कल्पना मला फार आवडली.

ज्या रीतीबद्दल तू विचारतेस ती मात्र दगडाची नाही, आणि तू ती दरवर्षी पाहतेस. भिंतीवरच्या कॅलेंडरात भाद्रपद वद्य चतुर्दशीचा चौकोन शोध, म्हणजे सर्वपित्रीच्या आदला दिवस. तिथे बारीक अक्षरांत ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असे छापलेले असते. जे शस्त्राने मेले त्यांचा हा दिवस. त्या दिवशी आजी वडे, काळ्या वाटाण्याचे सांबारे, आळू आणि खीर करते, आणि केळीच्या पानावर एक वाडी, म्हणजे पितरांचा घास, वेगळी काढते, ती तू कौलांवर ठेवायला आबांबरोबर शिडी धरतेस. ती त्या बेपत्ता शिपायाची. आबांची थोरली आजी, म्हणजे त्या शिपायाची बायको, बारा वर्षे वाट पाहत कुंकू लावत होती. बारा वर्षांनी भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी केला आणि तोच दहन केला. सरकारकडून चांदीचे पदक आले होते. त्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असे, म्हणजे सरकारने नाव लिहिलेच नव्हते असे नाही. पण एका वाईट वर्षी थोरल्या आजीने ते सोनाराकडे मोडले आणि बियाण्याचे भात आणले. आबांनी तिला पाहिले आहे. आपण चूक केली असे ती कधी म्हणाली नाही, आणि मलाही तसे वाटत नाही.

तो माणूस गोळीने गेला, तापाने की उपासाने, हे कोणी सांगितले नाही, तरी घराने त्याला चतुर्दशीच दिली. ‘मेला’ असेही आपल्याकडे म्हणत नाहीत. ‘बसऱ्याच्या लढाईत कामी आला’ असे आबा म्हणतात.

त्याचे नाव मी इथे मुद्दाम लिहिलेले नाही. येत्या चतुर्दशीला आबा पानाभोवती पाणी फिरवतील तेव्हा जवळ उभी राहा. ते तोंडातल्या तोंडात बोलतात, तेव्हा कान देऊन ऐक, कावळ्यांचा गलका असेल. मग ते वहीत लिहून मला फोटो पाठव. त्यात एक जोडाक्षर आहे, ते नीट काढ. आणि शाळेतल्या फरशीवर छत्र्यांचे पाणी उडते अजून, तर गुरुजींना सांगून तेवढी खुंटी दुसऱ्या भिंतीवर मारून घ्या.

आजीला आणि आबांना नमस्कार सांग.

तुझे,
बाबा